शेडमधला ऑक्टोपस विकत घेण्याआधी

प्रश्न असा आला आहे: मूळचे साताऱ्याचे आणि आता इंग्लंडात प्रेस्टनला नोकरी करणारे एक तरुण मित्र फावल्या वेळात १:५० प्रमाणातली लॉऱ्यांची मॉडेलं बनवतात. गावाबाहेरच्या एका शेतातल्या शेडमध्ये १९५०च्या सुमाराची आठ चाकी लेलँड ऑक्टोपस विकायला असल्याचं त्यांना कळलं आहे. ती घ्यावी का, घेतली तर काम कुठून सुरू करावं आणि तिचंच हुबेहूब मॉडेल करायचं तर काय टिपून ठेवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी लँकेशायरमध्ये बरीच वर्षं जुन्या लॉऱ्या पुन्हा उभ्या करण्याचं काम करतो. त्याआधी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत फिटर होतो, त्यामुळे लेलँडशी ओळख इथे येण्याच्या आधीपासूनची.

जागा असेल तर घ्या. ही लॉरी जवळजवळ तीस फूट लांब आणि साडेसात फूट रुंद असते, रिकामी सात-आठ टन भरते. चारही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल इतकी मोकळीक हवी आणि केबिन वर उचलता येईल इतकं उंच छप्पर हवं. छपराखालची जागा नसेल तर आजच नाही म्हणा. उघड्यावर खोलून ठेवलेली लॉरी इथल्या दोन हिवाळ्यांत भंगारात जाते.

जागेचं जमलं की पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: ही लॉरी कोणत्या वर्षातली म्हणून उभी करायची? मोटारगाडी कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडते. लॉरीची मात्र कित्येकदा नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, बाहेर पडायची. केबिन एकाने बांधायची, हौदा दुसऱ्याने, दारावरचं मालकाचं नाव तिसऱ्याने रंगवायचं. मग ती वीस-वीस वर्षं राबायची आणि मालक बदलला की रंग बदलायचा, इंजिन बदलायचं, कधी हौदा काढून क्रेन बसायची. त्यामुळे 'मूळ स्थितीत आणली' असं कोणी सांगितलं की मी विचारतो, मूळ म्हणजे कधीची?

आठ चाकी लॉरी इथल्या कायद्याने घडवली. १९३०च्या दशकात वजनाची मर्यादा ॲक्सलच्या हिशेबाने ठरली आणि चार ॲक्सलच्या एकसंध लॉरीला मालासकट २२ टनांची परवानगी मिळाली. ट्रेलर जोडला तर जास्तीचा माणूस ठेवावा लागे, म्हणून एकाच चासीवर जास्तीत जास्त माल नेणं मालकांना परवडायचं. लेलँडचा ऑक्टोपस, साउथहॉलच्या एईसीचा मॅमथ मेजर आणि सँडबॅचच्या फोडेन व ईआरएफ या दोन शेजारी कारखान्यांच्या आठ चाकी लॉऱ्या याच हिशेबातून आल्या. कर रिकाम्या वजनावर होता, म्हणून केबिन ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून हलकी ठेवत. पुढे १९४७च्या कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारी झाली आणि १९४८पासून शेकडो खासगी कंपन्यांच्या लॉऱ्या ब्रिटिश रोड सर्व्हिसेसच्या ताफ्यात गेल्या. १९५३च्या कायद्याने त्यांतल्या पुष्कळ परत खासगी हातांत आल्या. म्हणजे तुमच्या ऑक्टोपसच्या दारावर रंगाचे तीन-चार थर असू शकतात आणि त्यातला प्रत्येक थर खरा आहे.

तो थर दिसला तर घासू नका. दाराच्या खालच्या कोपऱ्यात हाताएवढ्या जागेत ओल्या बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उतरवत जा, प्रत्येक थराच्या कडेला त्याच्या रंगाचा नमुना जुळवून घ्या आणि फोटो काढा. तिरप्या उजेडात कधीकधी रंगाखालची जुनी अक्षरंही उठून दिसतात, कारण पेंटरच्या ब्रशने चढवलेला जाड इनॅमल वर तीन थर दिले तरी पूर्ण झाकला जात नाही. कोरडं घासायचं नाही हे मात्र नक्की. त्या काळच्या रंगात शिसं असतं.

कागदांचंही तेच. जुनं खाकी लॉगबुक मालकाकडे असेल तर ते लॉरीइतकंच मोलाचं समजा, त्यात मालकांची नावं आणि तारखा ओळीने असतात. १९७४मध्ये नोंदणी स्वान्सीला एकत्र होण्याआधी ती कामं कौंटी कौन्सिलं करत. त्यांच्या काही वह्या स्थानिक दप्तरखान्यांत अजून बघायला मिळतात. लेलँड गावातलं ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम तर तुमच्यापासून बसच्या अंतरावर आहे. १९८३मध्ये लेलँडच्याच जुन्या कारखान्याच्या आवारात सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या दप्तरात निर्मितीच्या नोंदी आहेत. चासी नंबर घेऊन तिथे जा. मूळ नोंदणी क्रमांक हरवला असेल तर मान्यताप्राप्त क्लबच्या शिफारशीने, पुरावा देऊन तो परत मिळवण्याची सोय आहे. परवाना, विमा आणि तपासणीचे नियम वाहनाच्या वयावर आणि वापरावर अवलंबून असतात. ते वाहतूक खात्याला लेखी विचारा, गावगप्पांवर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष शेडमध्ये काय बघायचं. सोबत टॉर्च, हातोडी, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि जुने कपडे.

पहिली चासी. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून जिथे रिव्हेट मारले आहेत, तिथे मधे गंज फुगतो आणि जाड पोलादसुद्धा वाकवतो. हातोडीने हलकं ठोकत जा. टणत्कार आला तर पोलाद शाबूत, भद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ आणि हौद्याच्या आडव्या लाकडांखाली खास बघा, कारण ओल तिथेच साठते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे गंज असणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पाटे सोडवून साफ होतात.

दुसरी केबिन. बाहेरून पत्रा चकचकीत दिसेल, पण स्क्रूड्रायव्हर दाराच्या खांबाच्या बुडाशी टेकवा. लाकूड आत गेलं तर खालचा सगळा सांगाडा नवा करायचा आहे असं धरून चाला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सुतारकाम येणाऱ्याला ते इंजिनपेक्षा सोपं. फक्त कुजलेला तुकडा कितीही भुगा झाला असला तरी नवी केबिन रंगवून होईपर्यंत टाकायचा नाही. सांधा कुठे होता, स्क्रू कोणत्या कोनात गेला होता, खाच किती खोल होती, हे सगळं त्याच्याकडूनच कळतं. २०१२पासून ब्रिटनमधल्या ॲश झाडांना बुरशीच्या रोगाने ग्रासलं आहे. सरळ रेषांची, नीट वाळलेली फळी दिसली की आम्ही या धंद्यातले लोक ती विकत घेऊन ठेवतो. तुम्हीही ठेवा.

तिसरं इंजिन. युद्धानंतरच्या ऑक्टोपसमध्ये लेलँडचं ओ.६०० बसायचं: सहा सिलिंडर, ९.८ लिटर, १२५ अश्वशक्ती. यंत्र भक्कम, पण शेडमधल्या हिवाळ्यात आतलं पाणी गोठून ब्लॉकला तडा गेला असेल तर तो भक्कमपणाही उपयोगाचा नाही. ब्लॉकच्या बाजूने, विशेषतः खालच्या अंगाला, गंजाचे ओघळ शोधा. इंजिन जाम असेल तर दोरी बांधून ओढायचा मोह टाळा. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल समसमान ओता आणि काही आठवडे तसंच राहू द्या. रोज लांब पान्याने अगदी किंचित दाब देऊन बघायचं, दोन्ही दिशांनी. सुटलं की आधी फ्युएल पंपाची रॅक, म्हणजे डिझेल किती जावं ते ठरवणारी पट्टी, मोकळी हलते का पाहा. ती पूर्ण उघडी अडकलेली असताना इंजिन चालू झालं तर ते सुसाट सुटतं आणि चावी फिरवून थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टच्या वेळी हवेच्या तोंडावर दाबायला एक सपाट फळी घेतलेला माणूस शेजारी उभा असलाच पाहिजे.

चाकांच्या बाबतीत मी कोणाशीही वाद घालत नाही, सरळ बजावतो. जुन्या चाकांना टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती गंजलेली असताना हवा भरली तर ती सुटते आणि माणूस मरतो. हवा काढल्याशिवाय एकही नट सोडू नका आणि भरण्याचं काम पिंजरा असलेल्या ट्रक-टायरवाल्याकडे द्या. ब्रेकचे लायनर आणि सायलेन्सरवरचं जुनं कापड यांत ॲस्बेस्टॉस असतं, तिथे हवेचा फवारा मारायचा नाही. लायनर बदलताना हेही पाहा, की त्या काळच्या कित्येक आठ चाकी लॉऱ्यांना पुढच्या दोन ॲक्सलपैकी एकालाच ब्रेक असे. ते बघून काही गहाळ झालं आहे असं समजू नका.

खोलताना प्रत्येक भागाचे फोटो हवेतच, पण फोटोवर माप दिसत नाही. मी प्रत्येक भागाशेजारी पट्टी ठेवून एक फोटो, मग वहीत हाताने काढलेली आकृती आणि त्यावर मापं, असं करतो. हीच वही पुढे तुमच्या मॉडेलचा नकाशा होणार आहे, म्हणून ती दोन्ही कामांना पुरेल अशी लिहा.

आता आठवणींबद्दल, कारण या कामातला सगळ्यात नाशवंत माल तोच आहे. ऑक्टोपस चालवलेले ड्रायव्हर आज ऐंशी-नव्वदीत आहेत. १९५७पर्यंत जड लॉऱ्यांना ताशी २० मैलांची मर्यादा होती, नंतर ३०. एम-६ या मोटरवेचा शॅप डोंगरावरचा भाग १९७०मध्ये खुला झाला, तोवर इंग्लंड-स्कॉटलंड यांच्यातली पश्चिमेकडची सगळी अवजड वाहतूक ए-६ रस्त्याने सुमारे १४०० फुटांवरची ती खिंड चढून जायची. केबिनमध्ये हीटर नसे. इंजिन दोन सीटच्या मधोमध, त्यामुळे एक पाय भाजायचा आणि दुसरा गारठायचा. खिंडीच्या माथ्याजवळ त्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या स्मरणार्थ दगड उभारला आहे. लॉरी घेण्याआधी एकदा तो रस्ता गाडीने चढून या, गिअरबॉक्स आणि ब्रेकविषयी जे वाचाल ते मग नीट समजेल.

अशा माणसाला भेटाल तेव्हा 'तो काळ कसा होता' असं विचारू नका. त्यावर ते ऐकणाऱ्याला आवडेल ते सांगतात. विचारा की हँडल कुठे ठेवायचात, रात्री रेडिएटरवर काय टाकायचात, ताडपत्रीची पहिली घडी कोणत्या बाजूने घालायचात, दोर कोणत्या हुकापासून सुरू करायचात. शक्य असेल तर त्यांना केबिनमध्येच बसवा. तोंडाने न आठवणारं हाताला आठवतं: डबल क्लच मारताना, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबताना, पाय किती वेळ थांबतो, ब्रेक सोडायला हात आपसूक कुठे जातो. एका निवृत्त ड्रायव्हरने माझ्याकडच्या चासीवरच्या दोन बिनकामाच्या भोकांवर बोट ठेवून सांगितलं, की तिथे दोरांची लाकडी पेटी होती, आणि तिची उंची आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवली. कारखान्याच्या एकाही चित्रात ती पेटी नाही, कारण ती मालकाच्या सुताराने लावलेली होती. आज ती त्या लॉरीवर आहे.

आवाजही टिपून ठेवा, मोबाइल पुरेसा आहे. या छंदातली माणसं लॉरी वळणावर दिसायच्या आधी ओळखतात आणि ते सहज शक्य आहे. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचं गार्डनर ६एलडब्ल्यू इंजिन, ८.४ लिटरचं, उभ्या लॉरीत इतकं सावकाश चालतं की ठोके मोजावेत. फोडेनने १९४८मध्ये स्वतःचं टू-स्ट्रोक डिझेल आणलं: सहा सिलिंडर, जेमतेम ४.१ लिटर, तरी १२६ अश्वशक्ती. ते चढावर अक्षरशः किंचाळतं. आणि कॉमरचं १९५४चं टीएस३! तीन सिलिंडरमध्ये समोरासमोर सहा पिस्टन, खाली एकच क्रँक, सिलिंडर हेड नाहीच. त्याचा फाटका, कडक आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. माझा स्वतःचा जीव गार्डनरवर आहे, पण लोकांना जमवायचं असेल तर कॉमर चालू करावी.

घरी कोणी जुने एस.टी. मेकॅनिक असतील तर त्यांनाही फोन करा. १९४८मध्ये पुणे-अहमदनगर रस्त्यावर सुरू झालेल्या एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफोर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर ही सगळी नावं होती. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये जुळवले जाणारे लेलँड कॉमेट तर थेट याच लेलँड गावचे. सुट्या भागांवाचून गाडी कशी चालती ठेवायची याच्या युक्त्या त्या पिढीला इथल्या लोकांपेक्षा जास्त माहीत आहेत, आणि तुमच्या ऑक्टोपसला त्यांची गरज पडणार आहे.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे. दोन भागांच्या आधुनिक रंगाचा आरशासारखा थर या लॉऱ्यांना शोभत नाही. इनॅमल, ब्रशने, पातळ थरांत, आणि अक्षरं हाताने. स्टिकरची अक्षरं दहा फुटांवरून ओळखू येतात, कारण त्यांच्या कडा सगळीकडे सारख्याच असतात. चांगला साइनरायटर महाग पडतो, पण इतर कुठेही काटकसर करा, इथे नको. हौद्याच्या फळ्यांना वॉर्निश लावू नका आणि फाळक्यांच्या साखळ्यांना क्रोम करू नका. केबिनचा पत्रा मारलेल्या ठोक्यांसकट वापरता येत असेल तर वापरा, पुट्टी भरून गुळगुळीत करण्याची हौस आवरा.

याच नियमाला धरून एक उपप्रश्न: शेडमधल्या तुमच्या लॉरीवर पुढे क्रेन बसवलेली निघाली तर? एईसी मॅटाडोरचं उदाहरण घ्या. युद्धात तोफा ओढण्यासाठी बनलेली ही चार चाकी लॉरी सैन्याने विकल्यावर लाकूड व्यापाऱ्यांनी आणि बस कंपन्यांनी घेतली. सैन्यात ती थोडी वर्षं होती, जंगलातून ओंडके ओढण्यात किंवा बंद पडलेल्या बस आणण्यात तिची दशकं गेली. तरीही रिस्टोरेशन म्हटलं की बहुतेक जण तिला पुन्हा लष्करी हिरवा रंग देतात. मी क्रेन ठेवली असती. सर्वांत जास्त काम तिने जे केलं तेच तिचं रूप.

मॉडेलकडे येऊ. १:५० मध्ये साडेसात फूट रुंदी ४५.७ मि.मी. होते आणि तीस फूट लांबी १८३ मि.मी. च्या जवळपास. टायरवर ३६×८ असं लिहिलं असेल तर त्याचा व्यास ३६ इंच, म्हणजे मॉडेलवर १८.३ मि.मी. ही तीन मापं चुकली नाहीत तर बाकीचं डोळ्याला पटतं. बाजारातल्या कित्येक मॉडेलांत टायर जाड आणि लॉरी जमिनीपासून उंच असते, तिथेच ती खेळणं वाटायला लागते. कॉर्गी या मॉडेल कंपनीच्या १:५० मालिकेतली एखादी खरवडलेली, स्वस्तातली आठ चाकी लॉरी आधाराला घेतली तर चासीचं काम वाचेल, पण मापं तुमच्या वहीतली घ्या.

झीज कुठे दाखवायची हे खरी लॉरीच सांगते. या लॉऱ्यांच्या पुढच्या चाकाच्या नटांभोवती पाय ठेवायची रिंग असते, कारण ड्रायव्हर चाकावर चढूनच केबिनमध्ये जायचा. ती वरच्या अंगाला घासून चकचकीत झालेली असते. दाराच्या कडीखालचा रंग, हौद्याच्या कडेवर दोर ओढला जातो त्या जागा, डिझेल टाकीच्या झाकणाखालचा काळा ओघळ, बस्स. सगळीकडे सारखा तपकिरी गंज फासलेलं मॉडेल मला खोटं वाटतं. रोज धंद्यावर जाणारी लॉरी मालक धुऊन घेत असे. दोरासाठी ०.३ मि.मी. जाडीचा तागाचा धागा मेणातून ओढून घ्या म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत. ताडपत्री टिश्यू कागदाची, पातळ केलेल्या फेव्हिकॉलसारख्या डिंकात भिजवून, आणि घड्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलेल्या बाजूनेच.

डिंकी या खेळण्यांच्या कंपनीची जुनी धातूची मॉडेलं मात्र रंगवू नका. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर १९४७पासून निघालेल्या फोडेन आणि १९५६चा ऑक्टोपस हे स्वतःच ऐतिहासिक ऐवज आहेत, मुलांच्या हातांनी उडालेल्या रंगासकट. युद्धापूर्वीची डिंकी घेताना बारीक भेगा आणि फुगलेले कोपरे बघा. त्या जस्ताच्या मिश्रणात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून भुसभुशीत होतो आणि त्यावर इलाज नाही. कोरड्या, एकसारख्या तापमानाच्या जागी ठेवलं तर त्याचा वेग कमी होतो, इतकंच.

पुढच्या शनिवारी शेडमध्ये गेलात की किमतीचं बोलण्याआधी चासी नंबर, इंजिन नंबर, केबिनवर कोणाची पाटी असेल तर तिचा फोटो आणि टायरवरची मापं एवढं मला पाठवा. मालकाला हेही विचारा की लॉरी शेडमध्ये आणून ठेवली त्या दिवशी ती स्वतःच्या इंजिनवर आली होती की ओढून आणली, आणि रेडिएटरमधलं पाणी कोणी काढलं होतं का.